नैरोबीची ऑफर आणि टेबलावरचा राजीनामा

‘ताई, मी सांगलीला सीबीएसई शाळेत गणित शिकवते. वय 38, अनुभव अकरा वर्षांचा. नैरोबीच्या एका आंतरराष्ट्रीय शाळेने ऑनलाइन मुलाखत घेऊन सप्टेंबरपासून या म्हणून कळवलंय. पगार महिना अडीच लाख शिलिंग. मधला एजंट दीड लाख रुपये मागतोय आणि म्हणतो, “आधी व्हिजिटवर जा, परमिट तिकडे गेल्यावर काढू.” मिस्टर अकाउंटंट आहेत, त्यांना वाटतं तिकडे आपल्यालाही नोकरी लागेल. मुलगी आठवीत. सासूबाईंचं एकच पालुपद: त्या उन्हात आणि मलेरियात कशाला जाताय? राजीनामा लिहून टेबलावर ठेवलाय. देऊ का? – सांगलीची गणितवाली’

तो कागद आधी ड्रॉवरमध्ये टाका. नैरोबीला जायला आमची ना नाही, पण वर्क परमिट मंजूर झाल्याचं पत्र तुमच्या नावाने येईपर्यंत इथली नोकरी सोडायची नाही.

एजंट जो रस्ता दाखवतोय तो थेट बेकायदा आहे. केनियाने जानेवारी 2024 पासून व्हिसाऐवजी ई-टीए, म्हणजे निघण्याआधी ऑनलाइन घ्यायचा प्रवास परवाना, सुरू केलाय. तो घेऊन फिरता येतं, वर्गात उभं राहून शिकवता येत नाही. पकडलं तर शाळेवरही कारवाई होते, पण देशाबाहेर काढतात ते तुम्हाला. नोकरीसाठी लागतो क्लास डी परमिट. त्याचा अर्ज शाळा करते आणि या कामाला स्थानिक माणूस का नाही, हे तिला तिथल्या सरकारला पटवून द्यावं लागतं. म्हणूनच वेळ लागतो. काही शाळा तोवर स्पेशल पास काढतात. तो कायदेशीर असतो, पण काही महिन्यांपुरताच. तेव्हा तो मिळाला म्हणून परमिटचा पाठपुरावा सोडू नका. शिवाय तिथल्या टीचर्स सर्व्हिस कमिशनकडे शिक्षक म्हणून नोंदणी करावी लागते, खासगी शाळेतसुद्धा. बीएड आणि पदवीची प्रमाणपत्रं, गुणपत्रकं आणि पासपोर्ट सेवा केंद्रातून मिळणारं पोलीस क्लिअरन्स सर्टिफिकेट आत्ताच गोळा करा. कागदांवर कुठकुठले शिक्के हवेत हे मात्र शाळेकडून लेखी आल्याशिवाय एक रुपयाही खर्च करू नका. आधी राज्यपातळीवरची पडताळणी, मग परराष्ट्र मंत्रालय असा क्रम असतो. तो चुकला की फेरा पहिल्यापासून.

आता दीड लाखांचं. परदेशी नोकरीसाठी भरती करणाऱ्या नोंदणीकृत एजंटाला उमेदवाराकडून जास्तीत जास्त 30,000 रुपये आणि त्यावरचा जीएसटी घेता येतो. त्याचा नोंदणी क्रमांक मागा, परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट पोर्टलवर ताडून पाहा. (मुलाखत शाळेनेच घेतली, परमिटही शाळाच काढणार, मग हे गृहस्थ नेमकं काय करणार आहेत?)

अडीच लाख शिलिंग म्हटलं की डोळ्यांपुढे अख्खे अडीच लाख येतात. हा आकडा ग्रॉस, म्हणजे कर कापण्याआधीचा, आहे का ते विचारा. असेल तर 32 हजार शिलिंगांच्या पुढच्या बहुतेक रकमेवर तिकडे 30 टक्के कर आहे. आरोग्य विम्याचे 2.75 टक्के, घरबांधणी लेव्हीचे 1.5 टक्के आणि एनएसएसएफ ही पेन्शनची वर्गणी वेगळी कापतात. हातात साधारण 1 लाख 70 हजार शिलिंग पडतील. त्यातून घरभाडं जाणार असेल तर गणित वेगळं आणि शाळा घर देणार असेल तर अगदीच वेगळं. घर, वर्षातून एकदा तिघांचं येण्याजाण्याचं तिकीट, वैद्यकीय विमा आणि मुलीच्या फीमधली सवलत किती टक्के, हे सगळं करारात हवं. फोनवरचं ‘हो, हो, बघू’ धरायचं नाही.

आणि मिस्टरांना आजच स्पष्ट सांगा: तुमच्याबरोबर ते डिपेंडंट पासवर येतील आणि त्या पासवर नोकरी करता येत नाही. त्यांना स्वतःचं परमिट लागेल. म्हणजे आज घरात दोन पगार आहेत, तिकडे एकच. दोघांनी कागद-पेन घेऊन बसा. शक्य असेल तर त्यांनी पहिले तीन-चार महिने बिनपगारी रजा घ्यावी, नोकरी सोडू नये.

मुलीची वेळ मात्र छान जुळतेय. आयजीसीएसई हा आंतरराष्ट्रीय शाळांमधला, केंब्रिजचा दहावीच्या तोडीचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम आहे. आठवी संपवून सप्टेंबरमध्ये गेली तर सुरुवातीपासून बसेल. नववी इथे करून मग नेलंत तर अर्धा कोर्स हुकतो. तेव्हा एक तर आता, नाहीतर थेट दहावीनंतर.

तुम्हालाही थोडी तयारी लागेल. केंब्रिजच्या पेपरात उत्तर चुकलं तरी योग्य पद्धतीला वेगळे गुण असतात, आणि 2025 पासून गणिताचा एक पेपर बिनकॅल्क्युलेटरचा झालाय. जुने पेपर आणि त्यांच्या मार्किंग स्कीम आधी स्वतः सोडवून बघा.

सासूबाईंना सांगा, नैरोबी समुद्रसपाटीपासून सुमारे 1,800 मीटरवर आहे, महाबळेश्वरपेक्षाही उंच. जुलैत रात्री 12 अंशांच्या आसपास असतं, स्वेटर लागतात. शहरात मलेरिया फार कमी. सुट्टीत मोम्बासाला किंवा किसुमूला गेलात तर मात्र डॉक्टरांना विचारून गोळ्या घ्यायच्या. यलो फीव्हरची लस तिघांनाही घ्यावी लागेल. ती मान्यताप्राप्त केंद्रातच मिळते, निदान दहा दिवस आधी घ्यायची आणि लस घेतल्याचं पिवळं कार्ड पासपोर्टसोबत ठेवायचं. कार्ड नसेल तर परत येताना आपल्याच विमानतळावर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात बसवू शकतात. अंड्याची ॲलर्जी असेल तर आधी डॉक्टरांना सांगा.

सामानात प्रेशर कुकर हवाच. त्या उंचीवर पाणी 94 अंशांनाच उकळतं, उघड्या पातेल्यात तूरडाळ शिजता शिजत नाही. डाळ, हिंग, पोहे नैरोबीच्या पार्कलँड्स भागातल्या गुजराती दुकानांत मिळतील. गोडा मसाला सासूबाईंकडून करून घ्या, पण प्लास्टिकच्या पिशवीत बांधू नका. केनियात 2017 पासून तशा पिशव्यांवर बंदी आहे, विमानतळावरच काढून घेतात. स्टीलचा डबा चालेल.