पहिली वही घेतलीस ना? मग एवढंच कर

मित्रा, स्टेशनवर गाड्या बघून त्यांची नोंद ठेवायचा छंद लागलाय ना, मग कॅमेरा नंतर घे. आधी एकच स्टेशन धर, तेही लहान. जंक्शनला नवखा माणूस नुसता गोंधळतो. मी नीऱ्याच्या फलाटावर शिकलो. पुणे–मिरज तेव्हा एकेरी मार्ग. समोरून येणाऱ्या गाडीच्या क्रॉसिंगला मालगाडी तासभर लूपमध्ये, म्हणजे बाजूच्या रुळावर, पडून राहायची आणि आम्ही पोरं डब्ल्यूडीएम-२ या डिझेल इंजिनाचं ते ढगढग ऐकत बसायचो. न थांबणारी गाडी आली की स्टेशनवरचा पॉइंट्समन (रुळांचे सांधे बदलणारा) वेताचं कडं उंच धरायचा, त्यातल्या पाकिटात टोकनचा लोखंडी गोळा, म्हणजे पुढच्या एकेरी रुळावर जायची परवानगी. ड्रायव्हरचा सहाय्यक ते धावत्या इंजिनातून झेलायचा. (झेल हुकला की गाडी थांबे. आम्हाला तेच हवं असे!)

सुरुवातीला वहीत तीनच रकाने:

- वेळ आणि गाडीचं नाव
- इंजिनाचा पाच आकडी नंबर
- वर्ग (इंजिनाचा प्रकार) आणि शेड (त्याची देखभाल होते ते ठिकाण). दोन्ही इंजिनावरच लिहिलेलं असतं

वर्ग वाचणं सोपं आहे. डब्ल्यूएपी-७ घे: डब्ल्यू म्हणजे ब्रॉडगेज, ए म्हणजे एसी वीज, पी म्हणजे प्रवासी. जी दिसला की मालगाडीचं.

नवखे हमखास चुकतात ते इथे: मोबाइलमधून गाडी बघतात, नंबर वाचायचाच राहतो. शेवटच्या डब्यावरचा फुलीची खूण बघायच्या आधीच वळतात. आणि फोटोसाठी रुळांत उतरतात. ते कधीच नाही. फलाटावरच्या पिवळ्या रेघेच्या मागे राहा, फलाट तिकीट काढ, स्टेशन मास्तरांना आधी नमस्कार कर.

सिग्नल, लिंक, रेक वगैरे पुढे बघू. आधी वहीची दहा पानं भर.