सकाळचं ऊन आणि 3 बाय 8 ची गॅलरी: कुंडीत कोणती भाजी होईल?

तुम्ही लिहिलंय की गॅलरी 3 बाय 8 फूट, पूर्वेला तोंड, ऊन साडेदहापर्यंतच, आणि दोनदा लावलेला टोमॅटो नुसता वाढला, फळ धरलं नाही. जागा कमी पडते का, असं विचारलंय. जागा पुरेशी आहे हो, कमी पडतंय ते ऊन.

डोंबिवलीत माझीही गॅलरी पूर्वेचीच. माझाही टोमॅटो असाच छातीपर्यंत गेला होता. फुलं यायची आणि देठावर जी बारीक गाठ असते ना, तिथे पिवळी पडून गळायची. खत वाढवलं तर पाला तेवढा माजला. टोमॅटो, वांगी, भेंडी यांना रोज निदान सहा तास थेट ऊन हवं. हौस म्हणून मिरचीचं एखादं रोप ठेवा, ती थोडंफार देते.

पालेभाज्या मात्र एवढ्या उन्हात छान येतात. मेथीपासून सुरुवात करा. तिला 6 इंच माती बास. फळवाल्याकडचा जुना क्रेट घ्या, आत गोणपाट अंथरा. डब्यातलेच मेथीदाणे रात्री भिजत घाला, सकाळी दाट पेरून वर अर्धा इंच माती भुरभुरवा. तिसऱ्या-चौथ्या दिवशी मातीची खपली तडकते आणि खालून वाकलेल्या हिरव्या माना ती उचलून धरतात. मी आजही चहाचा कप घेऊन ते बघत उभी राहते. महिन्याभरात भाजी हातात. कोथिंबिरीसाठी धने लाटण्याने रगडून दोन फाका करा. उगवायला आठ-दहा दिवस लागतात, तोवर माती उकरून बघू नका. पुदिन्याच्या जुडीतल्या काड्या पाण्यात ठेवल्या की मुळं फुटतात. सगळ्यात सावलीच्या कोपऱ्यात अळूचा कांदा लावा, त्याला ओल आवडते.

आता वजनाचं. रंगाची 20 लिटरची बादली नुसत्या ओल्या मातीने भरली तर 30 किलोच्या आसपास जाते. गॅलरीवर एवढा भार नको. शिवाय आपली काळी माती कुंडीत दगडासारखी बसते, मुळांना हवा मिळत नाही. कोल्हापूरच्या श्री. अ. दाभोळकरांच्या प्रयोग परिवाराने उसाचं चिपाड आणि पालापाचोळा वापरून गच्चीवर शेती करायला शिकवलं, मी तेच करते. रसवंतीवाल्याकडून चिपाड आणा, पण आधी कडक उन्हात वाळवा, नाहीतर मुंग्या लागतात. खाली अर्ध्यापर्यंत चिपाड नि सुका पाला, वर माती, कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि कुजलेलं शेणखत सारखं. चिपाड कुजताना नत्र ओढून घेतं, पानं पिवळी पडू लागतात, म्हणून शेणखतात काटकसर करू नका. महिन्याभरात थर खाली बसला की पुन्हा भर घाला.

पाणी रोज ठरवून घालू नका. बोट दोन पेरं मातीत घाला, कोरडं लागलं तरच घाला. भोकांखाली ताटल्या ठेवा, खालच्यांच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर गढूळ पाणी पडायला नको.

पहिली पेरणी नवरात्राच्या सुमारास करा. पावसाचा जोर ओसरलेला असतो आणि पुढची सगळी थंडी मेथी-कोथिंबिरीला मानवते.