आठ ग्रॅमचा पक्षी तिबेटला वळसा घालतो

तुमचे प्रश्न थोडक्यात असे: सप्टेंबरपासून झाडावर एक मळकट हिरवा, चिमणीहून लहान पक्षी दिवसभर एकच आवाज काढत हिंडतोय, पण दुर्बिणीत धड सापडत नाही. हा सायबेरियातून हिमालय ओलांडून येतो असं कुणीतरी सांगितलंय, ते खरं का? दरवर्षी तोच येतो का? आणि पहिल्यांदाच निघालेल्या पिल्लाला वाट कोण दाखवतं?

आधी ओळख उरकतो. 'चिस्-ली' असा दोन तुकड्यांत तुटलेला, जरा धारदार आवाज असेल तर मी हिरवट वटवट्या म्हणेन. पर्णवटवट्यांच्या, म्हणजे पानांतले किडे वेचणाऱ्या या छोट्या पक्ष्यांच्या गटाच्या बाबतीत रंगावर फार भिस्त ठेवू नये. सगळेच वरून हिरवट आणि पोटाला फिके. फोटो समोर ठेवूनही मुरलेले पक्षीनिरीक्षक भांडतात, तर पानाआडच्या हलत्या ठिपक्यावरून काय ठरवणार? तरी तो कधी खालच्या फांदीवर आलाच तर डोळ्यावरची लांब फिकट भुवई, खालच्या चोचीचा नारिंगीकडे झुकणारा रंग आणि मिटलेल्या पंखावरची एकच बारीक पांढुरकी रेघ, एवढं बघून घ्या. ही रेघ म्हणजे पिसांची फिकट टोकं. ती झिजतात, त्यामुळे रेघ दिसली नाही म्हणून लगेच 'हा तो नव्हे' असं म्हणू नका. पंखावर दोन रेघा ठळक असतील तर ह्यूमच्या वटवट्याचा विचार करा, आणि पोट चांगलं पिवळं असेल तर टिकेलच्या.

आवाज सतत का येतो, त्याला कारण आहे. हिवाळ्यात हे पक्षी थव्यानं राहत नाहीत आणि जोडीनंही नाही. नर असो की मादी, प्रत्येकाची आपली हद्द असते, काही झाडांची. 'चिस्-ली' म्हणजे त्या हद्दीवरची हाळी: इथे मी आहे, पलीकडे राहा. अन्न म्हणजे पानांवरचे बारीक किडे, अळ्या, कोळी. ते झाडभर विखुरलेले असतात आणि रोज थोडे थोडे मिळतात, म्हणून राखण करणं परवडतं. ट्रेव्हर प्राइस यांनी दक्षिण भारतात या पक्ष्याच्या हिवाळी मुक्कामाचा अभ्यास केला आणि तो १९८१ साली प्रसिद्ध झाला. या पक्ष्याचं हिवाळ्यातलं हद्द राखणं तेव्हापासून चांगलं माहीत आहे. पायात कडी घातलेले पक्षी पुढच्या हिवाळ्यात त्याच हद्दीत परतल्याचं आढळलं आहे. तेव्हा तुमच्या झाडावर तोच परत येत असण्याची शक्यता चांगलीच आहे. कडीशिवाय खात्री मात्र देता येणार नाही. जुना मालक प्रवासात मेला तर रिकामी जागा दुसरा कुणीतरी लगेच बळकावतो.

आता हिमालयाचं. वजन सात-आठ ग्रॅम, म्हणजे दोन चमचे साखर. पश्चिम सायबेरियातून दक्षिण भारत सरळ रेषेत मोजला तरी पाच हजार किलोमीटरच्या आसपास पडतो. बाल्टिक समुद्राच्या बाजूनं येणाऱ्यांना त्याहून बरंच जास्त. पण सरळ रेषेत हे पक्षी येतच नाहीत. मधे तिबेटचं पठार आहे, सरासरी साडेचार हजार मीटरहून उंच, थंड, कोरडं आणि बव्हंशी झाडं नसलेलं. पट्टकादंबासारखा मोठा हंस तिथून पार होतो, कारण त्याची छाती आणि पंख त्या कामाचे आहेत आणि गवत खाऊन त्याचं भागतं. पानांवरचे किडे वेचणाऱ्याला तिथे उतरून खायला काय मिळणार? म्हणून पश्चिम सायबेरियातले हिरवट वटवट्ये पठाराच्या पश्चिमेकडून, मध्य आशियातल्या डोंगररांगांच्या कडेनं भारतीय उपखंडात उतरतात. पूर्व सायबेरियातले त्यांचे भाऊबंद पूर्वेकडून, चीनमार्गे आग्नेय आशियात जातात. वाटेवर मुक्काम करत, खात, चरबी साठवत, पुन्हा रात्री निघत. रात्रीची हवा थंड आणि शांत असते, दिवस खाण्यासाठी मोकळा राहतो. इंधन म्हणाल तर चरबी: वजनाच्या मानानं पिठूळ पदार्थांच्या दुपटीहून जास्त ऊर्जा, आणि जळताना पाणीही तयार होतं. सहारा एका दमात ओलांडणारे काही वटवट्ये निघण्याआधी वजन जवळपास दुप्पट करतात.

या वळशानं पक्ष्याचा नुसता रस्ताच नाही, त्याची जातच घडवली आहे, आणि मला या पक्ष्यात सगळ्यात जास्त रस आहे तो इथेच. क्लॉड टाइसहर्स्ट यांनी १९३८ मध्ये पर्णवटवट्यांवर ग्रंथ लिहिला. तेव्हाच त्यांच्या लक्षात आलं होतं की या पक्ष्याची विणीची ठिकाणं पठाराभोवती गोल कड्यासारखी पसरलेली आहेत. हिमालयातून पश्चिमेकडून वर गेलात तर रंगरूप हळूहळू बदलत जातं, पूर्वेकडून गेलात तरी तसंच, आणि मध्य सायबेरियात दोन्ही टोकं पुन्हा भेटतात. भेटतात, पण एकमेकांना ओळखत नाहीत. पश्चिमेकडच्याच्या पंखावर एक रेघ, पूर्वेकडच्याच्या दोन. डॅरेन अर्विन, स्टाफन बेन्श आणि प्राइस यांनी २००१ साली 'नेचर' या विज्ञान नियतकालिकात दाखवलं की दक्षिणेत गाणी छोटी आणि साधी आहेत. उत्तरेकडे जाताना दोन्ही बाजूंनी ती लांब आणि गुंतागुंतीची होतात, पण वेगवेगळ्या तऱ्हेनं. सायबेरियात एका बाजूच्या नराला दुसऱ्या बाजूचं गाणं ऐकवलं तर तो ढिम्म. आपल्याच बाजूचं ऐकवलं की अंगावर धावून येतो.

पाठ्यपुस्तकांत हे उदाहरण फार गुळगुळीत करून सांगतात. २०१४ मध्ये याच पक्ष्याच्या जनुकसंचाचा बारकाईनं अभ्यास झाला. त्यातून दिसलं की कडं नेहमी सलग नव्हतं. पूर्वी एकाहून जास्त ठिकाणी ते तुटलेलं होतं, आणि सायबेरियातल्या दोन टोकांमध्ये अधूनमधून संकरही झाला आहे. मला तर हे रूप जास्त पटतं. हिमयुगं येऊन गेली, जंगलं सरकली, तिथे एवढं सुबक वर्तुळ अखंड टिकलं असतं तरच नवल.

हा संकर झाला तर पिल्लाचं काय, हा प्रश्न तुमच्या शेवटच्या प्रश्नाला जाऊन भिडतो. वाट कोण दाखवतं? बहुतेक छोट्या गाणाऱ्या पक्ष्यांत कुणीच नाही. पिल्लू एकटं निघतं, तेही रात्री. कधी निघायचं आणि साधारण कुठल्या दिशेला, हे उपजत असतं. एबरहार्ड ग्विनर यांनी विलो वटवट्ये जर्मनीत बारा तास उजेड, बारा तास अंधार अशा न बदलणाऱ्या वातावरणात ठेवले. बाहेरच्या ऋतूची काही खूण नसतानाही स्थलांतराची वेळ आली की ते रात्री अस्वस्थ होऊन पिंजऱ्यात फडफडायचे, आणि ती वेळ सरली की शांत व्हायचे.

पिंजऱ्यातल्या पक्ष्याला कुठल्या दिशेला जायचंय ते मोजायची अभ्यासकांची युक्ती तर फारच साधी आहे. स्टीफन एम्लेन आणि त्यांचे वडील जॉन यांनी १९६६ मध्ये ती मांडली. कागदाचं एक नरसाळं, तळाला शाईची गादी, वर जाळी. पक्षी गादीवर उभा राहतो, उडू बघतो, उताराच्या कागदावर पाय घसरतो आणि पुन्हा शाईत येतो. सकाळी कागद उलगडला की एका बाजूला काळ्या ओरखड्यांची दाटी आणि बाकी कागद जवळजवळ कोरा. दाटी जिकडे, तिकडे त्याला जायचं होतं. कृत्रिम आकाश फिरवून स्टीफन एम्लेन यांनी दाखवलं की पिल्लं ताऱ्यांची नावगावं पाठ करत नाहीत. आकाश ज्या बिंदूभोवती फिरतं तो बिंदू शोधतात. ढग असतील तर पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र आहेच. युरोपीय रॉबिन पक्ष्यावर काम करून व्होल्फगांग आणि रोस्विथा विल्चको यांनी १९७२ मध्ये दाखवलं की पक्ष्याची होकायंत्राची जाण उत्तर-दक्षिण ध्रुव ओळखत नाही, क्षेत्ररेषांचा जमिनीशी होणारा कल ओळखते.

याच तऱ्हेचे पिंजरे वापरून आंद्रेयास हेल्बिग यांनी १९९१ साली काळ्या टोपीच्या वटवट्यांचा प्रयोग प्रसिद्ध केला. नैर्ऋत्येला जाणारे आणि आग्नेयेला जाणारे यांची जोडी लावली. पिल्लांनी दोन्हींच्या मधली दिशा धरली. आता हेच आपल्या वटवट्याला लावून बघा. पश्चिमेच्या आणि पूर्वेच्या टोकांचा संकर झाला आणि पिल्लाला मधलीच दिशा मिळाली, तर ती थेट तिबेटच्या पठारावर जाते. हा माझा तर्क आहे, हिरवट वटवट्यावर केलेला प्रयोग नव्हे. पण दोन टोकं एकमेकांपासून फटकून का राहतात, याचं एक कारण इथेही असू शकतं.

मोठा झालेला पक्षी मात्र नुसत्या दिशेवर उडत नाही. ए. सी. पर्डेक यांनी नेदरलँड्समध्ये अकरा हजारांवर साळुंकीवर्गी स्टार्लिंग पकडून स्वित्झर्लंडमध्ये नेऊन सोडले; निष्कर्ष १९५८ साली आले. पहिल्यांदाच निघालेली पिल्लं मूळच्याच दिशेला उडत राहिली आणि स्पेन, दक्षिण फ्रान्सकडे पोचली. अनुभवी पक्ष्यांनी दिशा बदलली आणि नेहमीच्या मुक्कामाचा रोख धरला. तुमच्या झाडावर परत येणारा पक्षी या दुसऱ्या वर्गातला.

दाणे ठेवू का, असंही तुम्ही विचारलंत. नको, तो खात नाही. झाडावर कीटकनाशक मारू नका, तेवढं पुरे. आणि फोटोसाठी मोबाइलवर त्याचा आवाज वाजवू नका. त्याला वाटतं हद्दीत दुसरा घुसला. खाणं सोडून तो त्या न दिसणाऱ्या शत्रूला शोधत बसतो. त्यापेक्षा मार्च-एप्रिलमध्ये कान देऊन ऐका. निघण्याआधी 'चिस्-ली'च्या जोडीला अस्सल गाणंही कधी कधी ऐकू येतं, जलद आणि उड्या मारत गेल्यासारखं. ते रेकॉर्ड करून इथे टाका, म्हणजे ओळखीबद्दलची उरलीसुरली शंकाही मिटेल.