‘स्पॉकप्रेमी’ आणि ‘निमॉय यांचे चाहते’

सांगलीतील एका महाविद्यालयीन वाचक भगिनींनी पत्राने शंका विचारली आहे. भित्तिपत्रकासाठी त्यांनी ‘स्टार ट्रेक’ या अमेरिकी दूरचित्रवाणी मालिकेत स्पॉक हे पात्र साकारणारे अभिनेते लिओनार्ड निमॉय यांच्यावर लेख लिहिला आणि त्यात ‘निमॉय विज्ञानकथाभक्तांच्या अधिवेशनांना हजेरी लावत’ असे वाक्य घातले. तपासणाऱ्या प्राध्यापकांनी ‘भक्त’ आणि ‘अधिवेशन’ या दोन्ही शब्दांखाली रेघ मारली, मात्र पर्याय सुचवला नाही. भगिनींचे म्हणणे असे की, ‘चाहता’ हा शब्द त्यांना फार सौम्य वाटतो, ‘रसिक’ म्हटले की नाटकाचे प्रेक्षागृह डोळ्यांसमोर येते आणि ‘फॅन’ हा शब्द लेखात नको आहे. मग लिहावे तरी काय?

माझ्या मते दोन्ही रेघा योग्य आहेत. निमॉय यांच्याविषयीची ओढ सांगायची असेल, तर ‘निमॉय यांचे चाहते’ असे लिहावे. मालिकेच्या जगाविषयीची किंवा त्यातील पात्राविषयीची निष्ठा सांगायची असेल, तर ‘स्टार ट्रेकप्रेमी’ किंवा ‘स्पॉकप्रेमी’ असे लिहावे. आणि ते जिथे जमतात त्या जागेला बहुतेक वेळा ‘संमेलन’ म्हणावे. ‘फॅन’ या एकाच शब्दाने इंग्रजीत ही दोन्ही नाती भागवली जातात, त्यामुळे मराठीत एकच प्रतिशब्द शोधू लागलो की तो कुठेतरी अपुरा पडतो. मराठीकडे ही नाती वेगळी दाखवण्याची सोय आहे आणि या विषयात तर ती दाखवणे अत्यावश्यक आहे, कारण निमॉय यांच्या आयुष्यातला मोठा पेच नेमका याच दोन नात्यांमधला होता.

प्रथम ‘चाहता’ पाहू. ‘चाहणे’ हे क्रियापद आजच्या मराठी बोलण्यात फारसे उरलेले नाही, पण त्याचे धातुसाधित रूप नाम होऊन टिकले, जसे ‘जाणणे’पासून ‘जाणता’. हा शब्द षष्ठीची अपेक्षा ठेवतो: कोणाचा चाहता, कशाचा चाहता, हे सांगावे लागते, आणि ते ‘कोणाचा’ बहुधा हयात किंवा नुकतीच होऊन गेलेली व्यक्ती असते, नाहीतर तिचा आवाज, तिचे लेखन, तिचा खेळ. म्हणून निशेल निकोल्स यांची प्रसिद्ध हकिगत मराठीत सांगताना ‘चाहता’ हाच शब्द बरोबर बसतो. याच मालिकेत उहुरा ही अधिकारी साकारणाऱ्या निकोल्स पहिल्या वर्षानंतर मालिका सोडण्याच्या विचारात होत्या. एका समारंभात त्यांचा एक मोठा चाहता भेटू इच्छितो असा निरोप आला, आणि समोर आले ते मार्टिन ल्यूथर किंग. कृष्णवर्णीय स्त्री पडद्यावर मानाच्या पदावर दिसते आहे, तेव्हा मालिका सोडू नका, असे त्यांनी आग्रहाने सांगितले, ही गोष्ट निकोल्स यांनी पुढे अनेकदा सांगितली. पुढे १९७७ मध्ये त्यांनी ‘नासा’साठी स्त्रिया आणि अल्पसंख्याक समाजांतील उमेदवारांनी अंतराळवीर होण्यासाठी अर्ज करावेत म्हणून मोहीम चालवली. किंग यांना इथे ‘रसिक’ म्हणून पाहावे, वाक्य लगेच दुबळे होते. ‘चाहता’ सौम्य वाटत असेल, तर त्याला विशेषणाचे बळ द्यावे. ‘निस्सीम चाहता’ या शब्दप्रयोगात सौम्य असे काही उरत नाही.

आता ‘-प्रेमी’. हे पद समासाच्या शेवटी येते आणि आधी बहुधा वस्तू, छंद किंवा क्षेत्र घेते: क्रीडाप्रेमी, पक्षिप्रेमी, दुर्गप्रेमी, नाट्यप्रेमी. हयात व्यक्तीच्या नावाला ते सहसा जोडले जात नाही. एखाद्या गायिकेचे नाव घेऊन त्यापुढे ‘प्रेमी’ लावले, तर निराळाच अर्थ निघण्याची भीती असते. पण आपल्या साताऱ्यात ‘शिवप्रेमी’ हा शब्द वर्तमानपत्रात सतत वाचायला मिळतो आणि तो कोणालाही खटकत नाही. याचे कारण मला असे दिसते की, जे नाव एका माणसापुरते न राहता इतिहास, मूल्य किंवा एक संपूर्ण जग होऊन बसते, त्याच नावाशी ‘-प्रेमी’ सहज जुळते. स्पॉक हे पात्र आहे, त्याच्याभोवती ग्रह, भाषा, रीतिरिवाज आणि विचारसरणी रचलेली आहे. म्हणून ‘स्पॉकप्रेमी’ लिहिताना हात अडखळत नाही आणि ‘निमॉयप्रेमी’ लिहिताना अडखळतो. भाषेची ही नकळत पाळली जाणारी शिस्त मला फार मोलाची वाटते.

आता निमॉय यांच्याकडे वळू. ‘स्टार ट्रेक’ ८ सप्टेंबर १९६६ रोजी सुरू झाली, तीन हंगामांत ७९ भाग झाले आणि १९६९ मध्ये ती बंद पडली. दुसऱ्या हंगामानंतरच ती बंद होणार, अशी चिन्हे दिसत असताना प्रेक्षकांनी पत्रांची मोठी मोहीम चालवली आणि तिसरा हंगाम मिळाला. मालिका संपल्यानंतर पुनःप्रसारणामुळे तिचे प्रेक्षक उलट वाढत गेले, आणि निमॉय यांना रस्त्यात, विमानतळावर लोक स्पॉक म्हणून ओळखू लागले. त्यांनीच सांगितलेली एक आठवण आहे: एका आईने आपल्या लहान मुलाला त्यांच्यासमोर उभे करून ‘हा बघ तुझा आवडता स्पॉक’ असे सांगितले, आणि मूल कोऱ्या चेहऱ्याने पाहतच राहिले, कारण समोर टोकदार कानांचा, विशिष्ट केशरचनेचा स्पॉक नव्हताच. १९७५ मध्ये त्यांनी आत्मचरित्रपर पुस्तक लिहिले आणि त्याला ‘मी स्पॉक नाही’ या अर्थाचे नाव दिले. अनेकांनी पुस्तक न वाचता केवळ नावावरून समज करून घेतला की, हा नट आपल्याला आणि आपल्या आवडत्या पात्राला नाकारतो आहे. वीस वर्षांनी, १९९५ मध्ये, त्यांच्या दुसऱ्या आत्मचरित्राचे नाव ‘मी स्पॉक आहे’ असे होते.

या दुखावलेपणाकडे मराठी वाक्यरचनेतून पाहिले, तर एक गोष्ट लख्ख दिसते. आपण ‘स्पॉक म्हणाला’ असे लिहितो आणि ‘निमॉय म्हणाले’ असे लिहितो. पात्राला एकवचन, नटाला आदरार्थी बहुवचन. ज्याच्याशी आपण मनाने जवळीक करतो तो ‘तो’ असतो, आणि ज्या माणसाला आपण प्रत्यक्ष भेटतो ते ‘ते’ असतात. इंग्रजीत ही खूण क्रियापदावर उमटत नाही. त्यामुळे भगिनींनी लेखात कटाक्षाने पाळण्याची गोष्ट ही की, एकाच परिच्छेदात ‘स्पॉकने’ आणि ‘निमॉय यांनी’ यांची सरमिसळ होऊ देऊ नये. ज्या चाहत्याने समोरच्या नटाला ‘स्पॉक’ अशी हाक मारली, त्याची चूक मराठीत ‘तो’ आणि ‘ते’ यांच्या अदलाबदलीतूनच वाचकाला कळेल, तिचे वेगळे स्पष्टीकरण लागणार नाही.

तरीही नट आणि पात्र यांच्यात पक्की भिंत होती असे समजणे बरोबर नाही. उजव्या हाताची बोटे दोन-दोन अशी विलग करून केलेले स्पॉकचे ते प्रसिद्ध अभिवादन निमॉय यांनी स्वतः सुचवले होते. बॉस्टनमध्ये लहानपणी ज्यू प्रार्थनामंदिरात पुरोहितांना आशीर्वाद देताना त्यांनी पाहिले होते, त्यातून ती मुद्रा आली. म्हणजे नटाच्या बालपणातली एक पवित्र खूण पात्राला मिळाली, पात्राकडून ती लाखो प्रेक्षकांनी घेतली आणि पुढे आयुष्यभर लोक हीच खूण करून निमॉय यांचे स्वागत करत राहिले. या हालचालीसाठी ‘सॅल्यूट’ लिहू नये, तो सैनिकी अर्थाचा शब्द आहे. ‘अभिवादनाची मुद्रा’ असे लिहावे.

‘रसिक’ हा शब्द इथे का चालत नाही, हे सांगलीकरांना तरी विस्ताराने सांगण्याची गरज नाही. विष्णुदास भावे यांनी १८४३ मध्ये ज्या गावात ‘सीतास्वयंवर’ रंगभूमीवर आणले, तिथे रसिक म्हणजे काय हे पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. रसिक हा रसाचा आस्वाद घेतो, नटाच्या कामाची पारख करतो आणि योग्य जागी दाद देतो. बालगंधर्वांची लुगडी नेसण्याची आणि केसांची ढब घरोघरच्या स्त्रियांनी उचलली, इथवर रसिकता घरात शिरली हे खरे; पण तिथे नट एक होता आणि भूमिका अनेक होत्या, म्हणून प्रेम नटावर स्थिरावले. निमॉय यांच्या बाबतीत एका भूमिकेने नटाला झाकून टाकले. विज्ञानकथाप्रेमी नटाच्या अभिनयाला दाद देतोच, परंतु त्याची मुख्य ओढ त्या कल्पित जगात आणखी काय काय आहे, ते सुसंगत आहे का, याकडे असते. पूर्वीच्या भागात एका ग्रहाविषयी जे सांगितले ते नंतरच्या भागात मोडले गेले, तर तो ते लक्षात ठेवतो आणि नटाला भेटल्यावर त्याविषयी विचारतो. या जिज्ञासेला ‘रसिकता’ म्हणता येत नाही.

‘भक्त’ शब्दाकडे भगिनी का वळल्या हे मी समजू शकतो. इंग्रजी ‘फॅन’ शब्द ज्या लॅटिन शब्दापर्यंत मागे नेला जातो, त्याचा संबंध मंदिराशी आहे, आणि सांगलीला आपण ‘नाट्यपंढरी’ म्हणतोच. पण भक्तीला आधीपासून पूज्य असलेले आराध्य लागते. १९८७ मध्ये दूरदर्शनवर ‘रामायण’ सुरू झाल्यानंतर अरुण गोविल यांच्या पाया पडणारे लोक होते. त्यांना ‘भक्त’ म्हणणे अचूक आहे, कारण ते रामाचे भक्त होते, आणि नट हा त्या भक्तीचा मार्ग झाला होता. स्पॉकच्या मागे असे काही नाही. त्याच्याशी वाद घालता येतो, त्याच्या तर्कातली चूक दाखवता येते. शिवाय आजच्या वर्तमानपत्री मराठीत ‘भक्त’ या शब्दाला राजकीय हेटाळणीची छटा चिकटली आहे आणि ती निरपराध विज्ञानकथाप्रेमींच्या माथी मारण्याचे कारण नाही.

‘वेडा’ या शब्दाविषयी भगिनींनी विचारलेले नाही, पण लेखात तो उपयोगी पडेल. मराठीत ‘नाटकवेडा’, ‘ध्येयवेडा’ हे गौरवाचे शब्द आहेत, तर सुटा ‘वेडा’ हा अपमानाचा. समासात गेले की वेडाला विषय मिळतो आणि त्याचा मान वाढतो. २० डिसेंबर १९८६ रोजी अमेरिकेतील एका विनोदी कार्यक्रमात ‘स्टार ट्रेक’मधील कॅप्टन कर्कची भूमिका करणारे विल्यम शॅट्नर यांनी संमेलनाला जमलेल्या प्रेक्षकांवर ओरडून ‘ही तर नुसती मालिका आहे, स्वतःचे काही आयुष्य जगा’ अशा अर्थाचे सुनावले. तो लिहून दिलेला प्रहसनाचा प्रवेश होता, तरी अनेक प्रेक्षकांना तो झोंबला, कारण त्यात त्यांचे वेड विषयाविना, सुटे करून दाखवले गेले होते. पुढे शॅट्नर यांनी संमेलनांत जाऊन या लोकांशी मोकळेपणाने संवाद साधला आणि १९९९ मध्ये त्यांच्यावर पुस्तक लिहिले. स्वतः हे प्रेक्षकही आपल्या नावाविषयी हळवे आहेत: काहींना ‘ट्रेकी’ हे नाव पोरकट वाटते, ते स्वतःला ‘ट्रेकर’ म्हणवतात. मराठीत मात्र ‘ट्रेकर’ लिहू नये. साताऱ्याचा वाचक तो शब्द वाचून वासोटा किल्ल्याच्या वाटेला लागेल.

राहिला प्रश्न जमण्याचा. ‘अधिवेशन’ हा संस्थेच्या कामकाजाचा शब्द आहे. तिथे ठराव मांडले जातात, पदाधिकारी निवडले जातात, विधिमंडळाचे असते तसे कामकाज चालते. १९३९ मध्ये न्यूयॉर्क येथे पहिले जागतिक विज्ञानकथा संमेलन भरले आणि त्या परंपरेत आजही सदस्यांची कामकाज-सभा होते, विज्ञानकथांच्या ह्यूगो पुरस्कारांसाठी सदस्यच मत देतात. त्या एका सभेपुरता ‘अधिवेशन’ शब्द शोभेल. पण एकूण स्वरूप पाहिले, तर चर्चा, भाषणे, वेशभूषा, प्रदर्शन आणि एकमेकांना भेटण्याची ओढ हेच तिथे प्रधान असते, आणि त्याला आपल्याकडे ‘संमेलन’ हा रूढ शब्द आहे. १८७८ मध्ये पुण्यात ग्रंथकार एकत्र जमले तेव्हापासून मराठी माणसाला संमेलन म्हणजे काय हे माहीत आहे. सांगलीतही २००८ मध्ये म. द. हातकणंगलेकर यांच्या अध्यक्षतेखाली साहित्य संमेलन झाले. विज्ञानकथेला तर हा शब्द परका नाहीच, कारण २०२१ च्या नाशिकच्या संमेलनाचे अध्यक्ष विज्ञानकथाकार जयंत नारळीकर होते.

इथे एक विभक्तीची बाब फार महत्त्वाची आहे. जानेवारी १९७२ मध्ये न्यूयॉर्कच्या एका हॉटेलात ‘स्टार ट्रेक’चे पहिले मोठे संमेलन भरले, ते प्रेक्षकांनी स्वतः भरवलेले होते. काही शेकडा लोक येतील असा अंदाज असताना तीन हजारांहून अधिक लोक आले. ते ‘चाहत्यांचे संमेलन’ होते. पुढे व्यावसायिक कंपन्या असे कार्यक्रम भरवू लागल्या. नटांना मानधन मिळू लागले, स्वाक्षरीला आणि एकत्र छायाचित्राला शुल्क पडू लागले. ते ‘चाहत्यांसाठी मेळावा’ झाले. ‘चे’ आणि ‘साठी’ एवढाच फरक आहे, पण यजमान कोण आणि पाहुणा कोण हे त्यातून कळते. पहिल्या प्रकारात प्रेक्षक यजमान असतो आणि नट त्याच्या घरी आलेला पाहुणा असतो. आपल्या नाट्यसंमेलनात असे नसते. तिथे रंगकर्मी यजमान असतात. म्हणून लेखात दोन्ही काळांना एकच शब्द लावू नये, एवढी माझी विनंती आहे.

आता ‘हजेरी लावत’ या क्रियापदाविषयी. त्याच्याखाली रेघ आलेली नाही, परंतु मला ते बदलावेसे वाटते. मिरजेला उस्ताद अब्दुल करीम खाँ यांच्या स्मरणार्थ दर्ग्यात संगीतसभा होते, तिथे गायक ‘हजेरी लावतात’ तेव्हा त्या शब्दात सेवेचा भाव असतो, गाणे हीच हजेरी असते. वर्तमानपत्रांत मात्र एखाद्या नामवंताने लग्नसमारंभात थोडा वेळ तोंड दाखवले, तरी ‘हजेरी लावली’ असे छापतात. निमॉय यांच्या बाबतीत यांपैकी कोणताच अर्थ लागू पडत नाही. ते मानधन घेणारे निमंत्रित होते आणि लोकांच्या प्रश्नांना व्यासपीठावरून सविस्तर उत्तरे देत. त्यामुळे ‘पाहुणे म्हणून उपस्थित राहत’ असे लिहिल्यास वाक्य निर्दोष होईल, आणि संमेलन चाहत्यांनी भरवलेले असेल, तर ‘चाहत्यांचे पाहुणे म्हणून’ असे लिहावे.