डिस्चार्जनंतर पेशंटच्या घरी जाशील तेव्हा

पेशंटच्या घरी भेटी द्यायच्या या कामात नवीन आहेस म्हणून सांगते. त्यांच्या घरी गेल्यावर फाईल नंतर उघड, आधी जिना बघ. ठाण्याच्या नौपाड्यातल्या कितीतरी जुन्या इमारतींना लिफ्ट नाही. खुब्याचं ऑपरेशन झालेल्या, तिसऱ्या मजल्यावरच्या आजी फॉलोअपला खाली उतरणार कशा, हे डिस्चार्ज कार्डावर नसतं. त्यांना कोण उतरवणार, त्याचं नाव आणि नंबर त्याच दिवशी लिहून घे.

मग पाणी मागायच्या निमित्ताने स्वयंपाकघरात डोकाव. गोळ्या ‘जेवणानंतर’ लिहिलेल्या असतात, पण दुपारचं जेवण होतं का? मुलगा-सून सकाळची लोकल पकडून गेले की काही जण चहा-बिस्किटांवर दिवस काढतात. मधुमेहाच्या काही गोळ्या घेऊन जेवण चुकलं तर साखर एकदम उतरते, चक्कर येते आणि माणूस पुन्हा पडतो. अशा घरी डबा लावून देणं मला औषधाइतकंच महत्त्वाचं वाटतं. शेजारच्या काकू ताट झाकून ठेवणार असतील तर फारच छान.

पैशांचं मात्र चारचौघांत विचारू नकोस. आजोबा “सगळं ठीक आहे गं” म्हणून मोकळे होतील. एकटे असताना विचार, औषधं पूर्ण आणली की अर्धीच? जवळचं स्वस्त औषधांचं जनऔषधी दुकान दाखवून दे. वय सत्तर किंवा त्याहून जास्त असेल तर आयुष्मान वय वंदना कार्ड, म्हणजे हॉस्पिटलमधल्या मोफत उपचारांचं सरकारी कार्ड, काढलंय का बघ. त्याला उत्पन्नाची अट नाही. आणि घरात हेळसांड होतेय असं जाणवलं तर ज्येष्ठांची हेल्पलाइन १४५६७, हा नंबर त्यांच्या उशाशी ठळक अक्षरात लिहून ठेव.