बंद पडू पाहणारे महाविद्यालय सावरता येते का?

प्रश्न : आमच्या महाविद्यालयाची पटसंख्या सतत घटत असून व्यवस्थापन नवे अभ्यासक्रम काढण्याच्या विचारात आहे. हा उपाय योग्य आहे का?

उत्तर : एवढ्याने भागेल असे मला वाटत नाही. नव्या अभ्यासक्रमाला प्राध्यापक आणि प्रयोगशाळा आधी लागतात, शुल्क मागाहून येते. त्यामुळे आधीच ओढाताण असलेल्या संस्थेची तूट वाढण्याचीच भीती अधिक. त्याआधी पहिल्या वर्षानंतर कोण आणि का सोडून जाते, हे हजेरीपट व थकीत शुल्काची नोंद शेजारी ठेवून तपासावे, कारण आलेला विद्यार्थी टिकवणे हे नवा मिळवण्यापेक्षा स्वस्त असते.

अमेरिकेतील स्वीट ब्रायर महाविद्यालयाचे उदाहरण अभ्यासण्याजोगे आहे. मार्च २०१५ मध्ये विश्वस्तांनी ते बंद करण्याचे जाहीर केले, तेव्हा माजी विद्यार्थिनींनी निधी उभारला, न्यायालयात दाद मागितली आणि जूनमधील तडजोडीने संस्था वाचवली. मात्र खरे काम त्यानंतरचे होते : नवे नेतृत्व आले, पुढे शुल्क घटवले गेले, अभ्यासक्रमाची फेरमांडणी झाली. म्हणून माजी विद्यार्थ्यांसमोर आजच खरा ताळेबंद मांडा. तो लपवून मागितलेल्या देणगीवर कोणी विश्वास का ठेवावा?