आधी प्रश्न, मग ड्युसेलडॉर्फ

प्रिय लेकी,

जय ख्रिस्त.

तुझा लांबलचक मेल वाचला. आखेनची थंडी, परीक्षा, खोलीचं भाडं यांवर फोनवर बोलू. शेवटच्या दोन ओळींत जे विचारलंस त्याचं उत्तर मात्र लिहूनच द्यावंसं वाटलं. २०२७ ला ड्युसेलडॉर्फला किर्शेनटाग, म्हणजे जर्मन प्रोटेस्टंटांचा मोठा मेळावा, भरणार, तिथे मदतनीस म्हणून नाव द्यावं का? त्याखाली दोन मतंही जोडलीस. नगरहून पाळकसाहेबांनी कळवलं की मंडळीनं, म्हणजे चर्चनं, राजकारणात पडू नये, तू आपली उपासनेला जात जा. आणि तुझ्या मजल्यावरचा जर्मन मुलगा म्हणाला, चर्चला आता विचारतं कोण?

त्या मुलाचा हिशेब चुकीचा नाही. २०२२ पासून प्रोटेस्टंट आणि कॅथलिक सभासद एकत्र मोजले तरी ते जर्मनीच्या लोकसंख्येच्या निम्म्याहून कमी भरतात. पण त्याच देशात दर दोन वर्षांनी एखाद्या शहरात बुधवार ते रविवार लाखाच्या आसपास माणसं जमतात, शाळांच्या वर्गांत पथारी पसरतात आणि अण्वस्त्रं, निर्वासित, घरभाडं, म्हाताऱ्यांची सेवा असल्या विषयांवर दिवसभर भांडतात. त्यात तुझ्या वयाचीही पुष्कळ असतात. त्याला म्हणावं, एकदा येऊन बघ.

पाळकसाहेबांचं म्हणणं जुनाट म्हणून उडवून लावू नकोस. जर्मन संसदेच्या अध्यक्षा युलिया क्लोक्नर २०२५ च्या ईस्टरला जवळजवळ तेच बोलल्या. चर्चनं जन्ममरणाच्या प्रश्नांशी राहावं. मोटारींच्या वेगमर्यादेवर ते मत देऊ शकतं, पण त्यासाठी मी काही चर्च-कर भरत नाही, असा त्यांचा सूर होता. (हा कर म्हणजे आयकरावर ८ किंवा ९ टक्के. तुझ्या पहिल्या पगाराच्या चिठ्ठीवर दिसेल, तेव्हा दचकू नकोस.) मोठा गदारोळ झाला. मला विचारशील तर बाईंचं निम्मं पटतं. किर्शेनटागमध्ये अशाही सभा असतात की मंचावरचा क्रूस काढून ठेवला तर पक्षाची बैठक वाटावी. चार वक्ते, चौघांचं एकच मत, आणि टाळ्या. तिथे बसू नकोस, उठून दुसऱ्या हॉलमध्ये जा. पण अशा सभांवरून अख्ख्या मेळाव्याचं माप काढायचं नाही, कारण तो सुरू झाला तोच चर्च गप्प बसल्याच्या लाजेतून.

१९४९ साली हानोफरमध्ये तो उभा करणारे राइनोल्ड फॉन टाडेन पाळक नव्हते. कायदा शिकलेले, पोमेरानियातले जमीनदार. हिटलरपुढे मान न तुकवणाऱ्या मंडळ्यांमध्ये ते होते, आणि १९३० च्या दशकात त्यांनी भरवलेले असले मेळावे नाझींनी बंद पाडले होते. त्यांची बहीण एलिझाबेथ मुलींची शाळा चालवायची. एका चहाच्या बैठकीत ती राजवटीविरुद्ध बोलली, तिथे गेस्टापोचा खबऱ्या बसलेला होता, आणि १९४४ च्या सप्टेंबरात बर्लिनमध्ये तिला मृत्युदंड झाला. टाडेन यांचे तीन मुलगे युद्धात गेले. ते स्वतः रशियन छावणीतून जगून परत आले. एवढं सोसलेला माणूस काय म्हणाला असेल? पाळकांवर सगळं सोपवून विश्वासणारे स्वस्थ बसले, म्हणून हे झालं. आता शिक्षक, कामगार, डॉक्टर, गृहिणी यांनी विश्वासाचा अर्थ आपापल्या कामाच्या जागी लावायला शिकलं पाहिजे. म्हणूनच हा मेळावा आजही चर्चच्या प्रशासनाचा नाही. त्याची वेगळी संस्था आहे, फुल्डा शहरात तिचं कार्यालय आहे आणि अध्यक्षही बहुतेक वेळा पाळक नसतो. रिखार्ड फॉन वाइत्सेकर आधी किर्शेनटागचे अध्यक्ष होते, देशाचे राष्ट्रपती नंतर झाले.

सुरुवातीची वर्षं वेगळीच होती. देश दोन तुकड्यांत, आणि १९५४ ला लाइपझिगमध्ये, म्हणजे कम्युनिस्ट पूर्वेत, समारोपाला साडेसहा लाख लोक जमले असं सांगतात. १९६१ ला बर्लिनची भिंत आली आणि तो धागा तुटला. तरी पूर्वेकडे मंडळ्या आपले मेळावे भरवत राहिल्या. १९८३ ला विटेनबर्गमध्ये रात्रीच्या वेळी, काही हजार लोकांच्या देखत, एका लोहारानं खरोखरची तलवार तापवून ठोकून तिचा नांगराचा फाळ केला. बायबलमधल्या मीखाच्या चौथ्या अध्यायातलं ते वचन छापलेल्या कापडी चकत्या बाह्यांवर शिवल्या म्हणून पूर्व जर्मनीच्या सरकारनं पोरांना शाळेतून काढलं होतं. त्या रात्री मात्र पोलीस आले नाहीत. पश्चिमेचे पत्रकार शहरात होते आणि वाइत्सेकरही पाहुणे म्हणून आलेले होते. यात राजकारण किती आणि बायबल किती, हे पाळकसाहेबांना विचार. मला वेगळं काढता येत नाही.

ड्युसेलडॉर्फचं एक सांगून ठेवतो, तिथे कुणाला आठवत असेल तर गंमत येईल. १९७३ ला तिथेच भरलेला किर्शेनटाग सगळ्यात ओस पडलेला: पूर्ण काळ राहणारे जेमतेम साडेसात हजारांच्या आसपास. लोक भाषणांना कंटाळले होते. दोन वर्षांनी फ्रँकफर्टला आयोजकांनी एका मोठ्या दालनात कितीतरी गटांना टेबलं दिली. तुरुंगात भेटी देणारे, शांतीवाले, अपंगांचे पालक, परदेशी कामगारांचे मित्र, सगळे आपापलं मांडून बसले. मतमाउलीच्या यात्रेत हरेगावला दुकानांच्या रांगेतून फिरताना जसे दोन तास कुठे जातात कळत नाही, तसं तिथे होतं. फरक इतकाच की इथे विकायला बहुतेक मतंच असतात. ती टेबलं आजही असतात. मोठ्या नावांच्या सभेसाठी तासभर रांगेत उभं राहण्यापेक्षा मी तुला तिकडे पाठवीन. २०१७ ला बर्लिनच्या ब्रांडेनबुर्ग दरवाजापुढे ओबामा आणि मर्केल एकत्र बसले, हजारो लोक उन्हात उभे होते. छान झालं, पण ते सगळं टीव्हीवरही दिसत होतं.

आता मुद्द्याचं. तिथे बसायचं कसं, हे कुणी शिकवत नाही.

सकाळ चुकवू नकोस. रोज साडेनऊच्या सुमाराला शहरभर बायबलचा अभ्यास असतो आणि सगळीकडे उतारा एकच. एका हॉलमध्ये तो मंत्री उलगडतो, दुसऱ्यात न्यायाधीश, तिसऱ्यात नटी, चौथ्यात रब्बी. तरुण मंडळी रात्री जागतात आणि हे झोपेत घालवतात. पण दुपारी निर्वासितांवर वाद सुरू झाला की सकाळी हागारची, अब्राहामाच्या घरातून वाळवंटात घालवलेल्या दासीची, गोष्ट ऐकलेला आणि न ऐकलेला माणूस एकसारखं ऐकत नाही. क्लोक्नरबाईंच्या आक्षेपाला उत्तर असलंच तर ते या साडेनऊच्या तासात आहे. दुपारच्या वादाला सकाळच्या उताऱ्याचा आधार नसेल, तर पाळकसाहेब बरोबर.

दुसरं, प्रश्न. मोठ्या चर्चासत्रांत माईक हातोहात फिरत नाही. 'श्रोत्यांचे वकील' म्हणून दोन-तीन माणसं नेमलेली असतात. ती सभागृहातून आलेले लेखी प्रश्न गोळा करतात, सारखे एकत्र करतात आणि मंचावरच्यांना विचारतात. ही पद्धत मला फार आवडते. आपल्याकडे प्रश्नोत्तराच्या वेळी माईक हातात आला की माणूस स्वतःचं भाषण सुरू करतो. इथे तुला दोन वाक्यांत मांडावं लागतं, आणि ते दुसऱ्या कुणीतरी वाचून दाखवण्याइतकं स्पष्ट असावं लागतं. चिठ्ठी लगेच लिही. शेवटच्या दहा मिनिटांत ढीग साचतो.

तिसरं, ठराव. सभागृहातले लोक ठराव आणू शकतात आणि मत घेतलं जातं. मंजूर झाला तरी तो त्या सभागृहाचा, किर्शेनटागचा नव्हे. बहुतेक ठराव कागदावरच राहतात, यात वाईट वाटण्यासारखं काही नाही. पण २०१९ ला आमच्या डॉर्टमुंडमध्ये मागणी झाली की प्रोटेस्टंट चर्चनं भूमध्य समुद्रात बुडणाऱ्यांना वाचवायला स्वतः जहाज पाठवावं. लोक हसले. चर्च आणि जहाज? पैसे कुठले, आणि तस्करांना ही मदतच नाही का? हा शेवटचा प्रश्न चर्चमधल्याच लोकांनी विचारला आणि तो खोटा नव्हता. चर्चच्या नेतृत्वानं मात्र मागणी मनावर घेतली, इतर संस्थांना जोडून युती केली, 'पोसायडन' नावाचं जुनं संशोधन-जहाज विकत घेतलं आणि २०२० च्या ऑगस्टमध्ये ते 'सी-वॉच ४' या नावानं निघालं. पहिल्याच फेरीत तीनशेहून अधिक माणसं त्याच्यावर आली. पुढच्याच महिन्यात इटलीनं ते पालेर्मोला अडकवून ठेवलं. डॉर्टमुंडच्या त्या मेळाव्याचं बोधवचन बायबलमधल्या 'दुसरे राजे' या पुस्तकाच्या अठराव्या अध्यायातलं होतं: कसला हा भरवसा? आणि ते वाक्य मुळात शत्रूच्या सरदाराच्या तोंडचं, यहूदाच्या हिज्कीया राजाला हिणवणारं. निवडणाऱ्याला मी मनातल्या मनात दाद दिली.

त्याच वर्षी आणखी एक वाद झाला, तो तुला तिथे भेटेलच. एएफडी या कडव्या उजव्या पक्षाच्या नेत्यांना आयोजकांनी एकाही चर्चेला बोलावलं नाही. त्याआधी दोन वर्षं, बर्लिनला, त्यांच्या पक्षातल्या ख्रिस्ती गटाच्या बाईंनी तिथल्या बिशपांशी जाहीर वाद घातला होता. कुठलं बरोबर? द्वेष पसरवणाऱ्याला मंच देऊ नये, हे मला समजतं. पण त्या पक्षाला मत देणारी माणसं मंडळीत आपल्या शेजारी बसून गातात, त्यांच्याशी बोलायचं कुठे? माझं मत बर्लिनच्या बाजूला झुकतं. तुझ्या रंगाच्या मुलीला त्या वादाची किंमत माझ्यापेक्षा जास्त मोजावी लागेल, म्हणून तुझं मत वेगळं झालं तर मी हट्ट धरणार नाही.

आणि हे सगळं जर्मनांचं, आपल्याकडे असं नसतं, असं पाळकसाहेब म्हणाले तर भांडू नकोस, नुसती आठवण कर. बाप्तिस्मा होऊन सहा वर्षं झालेल्या पंडिता रमाबाई १८८९ च्या डिसेंबरात मुंबईच्या सामाजिक परिषदेत विधवांच्या केशवपनाविरुद्ध बोलल्या होत्या. वसईच्या हिरवाईसाठी फादर दिब्रिटो रस्त्यावर उतरले, ते तर पाळकसाहेबांनी स्वतः पाहिलंय.

तर जा. मदतनिसाचं काम चकचकीत नसतं: पुठ्ठ्याचे स्टूल घडी उघडून मांडायचे, 'हॉल भरला' अशी पाटी धरून संतापलेल्या आजोबांना समजावायचं, रात्री शाळेच्या दारावर पहारा द्यायचा. पण मोकळ्या वेळात हवं तिथे बसता येतं.

तू लिहिलंस की तुझी मामेबहीण नर्सिंगच्या भरतीतून येते आहे. महाराष्ट्र सरकारनं २०२४ ला बाडेन-व्युर्टेम्बर्गशी करार केल्यापासून नगर-नाशिकच्या कितीतरी घरांत हाच विषय आहे. वृद्धांच्या सेवेवर एखादी चर्चा तिथे असणारच, आणि मंचावर डियाकोनीचं कुणीतरी बसलेलं असेल. प्रोटेस्टंट चर्चची ही सेवासंस्था सहा लाखांहून जास्त माणसांना नोकरी देते. त्यांना विचारायचं ते आतापासून लिहायला घे: भाषेच्या क्लासचं कर्ज डोक्यावर घेऊन आलेल्या मुलीनं वर्षभरात नोकरी सोडली, तर ते कर्ज कुणाचं? दोन वाक्यांच्या वर जाऊ देऊ नकोस, आणि बहिणीला विचारल्याशिवाय तिचं उदाहरण देऊ नकोस. मराठीतला मसुदा आधी मला पाठव. जर्मन तुझं माझ्यापेक्षा चांगलं आहे, ते तुझं तू बघ.

तुझा,
काका